सातव्या माडापर्यंत

गोव्यात मांद्र्याला आमच्या शेताच्या मेरेवर माडांची सरळ रांग आहे. आजोबांनी लावलेली, एकूण अकरा माड. दोन माडांत साडेसात मीटरचं अंतर. मी टेप लावून मोजलं तेव्हा कुठे चार इंच कमी, कुठे सहा इंच जास्त, एवढाच फरक सापडला. नोव्हेंबरात भात कापून झालं की शेत मोकळं होतं आणि ही रांग आमची मोजपट्टी होते. डिस्क गोल्फ खेळताना डिस्क किती मीटर गेली हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, कितव्या माडापर्यंत गेली एवढंच विचारतात.

डिसेंबरातल्या एका रविवारी वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा डिस्क फेकली. ती तिसऱ्या माडाच्याही अलीकडे पडली. मार्चमध्ये शिगमो आटोपल्यावर त्यांचीच डिस्क सातव्या माडाच्या बुंध्यावर जाऊन आपटली. मधल्या तीन महिन्यांत काय केलं, काय चुकलं, ते इथे लिहून ठेवतोय. मला हे कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर माझं एक अख्खं वर्ष वाचलं असतं.

डिस्क गोल्फ पाहिला नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. यात चेंडू नाही, काठी नाही. हाताने डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. ही डिस्क म्हणजे समुद्रावरची फ्रिस्बी नव्हे. ती लहान असते, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, पण हाताला जड लागते आणि तिची कड निमुळती असते. अशी निमुळत्या कडेची पहिली डिस्क १९८३ साली अमेरिकेत निघाली. त्यानंतर फेकीची अंतरं पार बदलून गेली. खेळाचं पहिलं कायमचं मैदान त्याआधीच, १९७५ साली, कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झालं होतं. ते उभं करणारे एड हेड्रिक यांनीच साखळ्यांची टोपली शोधून काढली. २००२ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा काही डिस्कांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातल्या डिस्ककडे बराच वेळ बघत बसलो होतो.

मी हा खेळ शिकलो फिनलंडमध्ये. २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं टाम्पेरे शहरात नोकरीला होतो. तिथे या खेळाची शेकडो मैदानं आहेत आणि बहुतेकांवर एक पैसाही द्यावा लागत नाही. टाम्पेरेला लागूनच नोकिया गाव आहे. तिथल्या ‘द बीस्ट’ मैदानावर युरोपियन ओपनसारखी मोठी स्पर्धा व्हायची. पण मला भावलं ते निराळंच. उन्हाळ्यात रात्री साडेदहालाही उजेड असतो आणि त्या उजेडात जेवण उरकून आजी, सून, नातू असं सगळं घर डिस्कांची पिशवी घेऊन झाडांत शिरताना दिसायचं. कोणाला घाई नाही, कोणाला गुण मोजायची पडलेली नाही. तेव्हाच मनात आलं होतं, हे आपल्या घरी झालं पाहिजे.

आता ते वाया गेलेलं वर्ष. तिथल्या एका दुकानदाराने मला नवशिक्याला स्पीड १२ ची डिस्क विकली, म्हणे हीच सगळ्यात लांब जाते. गोष्ट खरी आहे, पण ती फेकणाऱ्याच्या हातात तेवढा वेग असेल तर. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. स्पीड म्हणजे तुमच्या डिस्कचा वेग नव्हे, तिला नीट उडायला लागणारा वेग. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती रेंगाळते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून डावीकडून उजवीकडे नेत फेकलेली डिस्क वेगात असताना उजवीकडे किती वळेल ते टर्न सांगतो, आणि वेग संपत आल्यावर डावीकडे किती पडेल ते फेड. बाराच्या डिस्कला लागणारा वेग माझ्या हातात नव्हता, म्हणून ती हातातून सुटताच डावीकडे वळून जमिनीत घुसायची. मला वाटायचं ताकद कमी पडतेय. मग मी आणखी ताकद लावायचो आणि खांदा धरून घरी यायचो. वर्षभर हेच चाललं होतं.

म्हणून वहिनींच्या हातात मी पहिले तीन आठवडे एकच डिस्क दिली, इनोव्हा कंपनीची एव्हिएर. ती पटर आहे, आकडे २, ३, ०, १. पटर जवळून टोपलीत टाकायला असते असं सगळे मानतात, पण नवशिक्याची उत्तम मास्तरीण तीच. नीट सोडली तर सरळ जाते, चुकीची सोडली तर चूक लपवत नाही. नंतर डिस्क्राफ्टची बझ दिली (५, ४, उणे १, १) आणि फेब्रुवारीत लेपर्ड (६, ५, उणे २, १). तिन्ही वजनाला हलक्या घेतल्या, दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या. नियमाप्रमाणे व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या डिस्कला जवळजवळ पावणेदोनशे ग्रॅम. ते ओझं सेहेचाळिशीतल्या, खांदा मधूनमधून कुरकुरणाऱ्या बाईच्या हातात पहिल्याच दिवशी कशाला द्यायचं?

वहिनी माहेरच्या सावंतवाडीच्या. शाळेत असताना खो-खो खेळायच्या, त्यानंतर खेळ कसा तो नाहीच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि एकटीने रस्त्यावरून चालायचा त्यांना कंटाळा यायचा. मी म्हटलं, शेतात या, चालणं आपोआप होईल. पहिल्या दिवशी पाच-सहा फेकी झाल्यावर म्हणाल्या, “भावजी, हे माझ्यानं व्हायचं नाही. माझ्या हातात एवढा जोर कुठला?” डिस्क वर उठायची, डोक्यावरून थोडं पुढे जाऊन थबकायची आणि डावीकडे घसरत खाली यायची.

जोराचा प्रश्नच नव्हता. डिस्कचं नाक वर होतं. डिस्कची पुढची कड म्हणजे तिचं नाक. ते थोडं जरी वर राहिलं तरी समोरची हवा डिस्कच्या पोटावर आदळते, डिस्क चढते आणि चढण्यातच वेग खर्च होतो. नवशिक्याचं निम्मं अंतर इथेच जातं. पण फेकणाऱ्याला मागून हे नीट कळत नाही. समोर उभ्या असलेल्याला कळतं, कारण नाक वर असलं की त्याला डिस्कचं पोट दिसतं. म्हणून मी पुतणीला पाचव्या माडाच्या आडोशाला उभं केलं. पोट दिसलं की तिने ओरडायचं. पहिल्या सकाळी शेतात नुसतं “पोट! पोट! पोट!” चाललं होतं. शेजारच्या अळसांद्यांना, म्हणजे चवळीच्या वेलांना पाणी घालणारे काका काम थांबवून बघायला लागले.

नाक खाली आणायला मी त्यांना चहाच्या किटलीची आठवण करून दिली. किटली ओतताना अंगठा पुढे आणि खाली झुकतो, मनगट करंगळीच्या बाजूला किंचित मोडतं. डिस्क धरताना मनगट तसंच ठेवायचं. अंगठा डिस्कच्या वर सपाट, कडेपासून थोडा आत. बाकीची बोटं खालून कडेच्या आतल्या भिंतीला घट्ट. आणि तळहातात डिस्क तिरकी बसली नाहीये ना, हे सोडण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी बघायचं. दुसऱ्या रविवारी “पोट” ची आरोळी तीन-चार फेकींत एकदा यायला लागली. डिस्क चौथ्या माडापाशी जायला लागली. ताकद तीच, काहीच वाढली नव्हती.

खरी गाठ सुटली ती शेतात नाही, घराच्या मागच्या अंगणात. जानेवारीतली सकाळ होती, मी पंपाचा फूटव्हॉल्व्ह घासत बसलो होतो. वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. उजव्या हातात ओल्या टॉवेलचं टोक धरलं, हात सैल ठेवून छातीजवळ आणला, कोपर पुढे गेलं, मागून हात उलगडला आणि शेवटी मनगट थांबलं. फट्ट! टॉवेलच्या टोकातून पाण्याचे बारीक थेंब उडून भिंतीवर ठिपके उमटले. पुढचा टॉवेल, पुन्हा फट्ट. चेहऱ्यावर ताण नाही, खांदा वर उचललेला नाही, ओठ आवळलेले नाहीत. त्याच बाई शेतात डिस्क धरल्यावर खांदा कानापर्यंत नेत होत्या.

मी हातातलं काम टाकून उठलो. म्हटलं, “वहिनी, तोच टॉवेल पुन्हा झटका, पण आडवा. छातीसमोरून, डावीकडून उजवीकडे.” त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. झटकला तर आवाज डाव्या बाजूलाच आला, छातीसमोर यायच्या आधी. म्हणजे जोर लवकर खर्च झाला होता. मी सांगितलं, आवाज उजव्या खांद्याच्या पुढे आला पाहिजे, जिकडे डिस्क जायची तिकडे. पाच-सहा वेळा केल्यावर आवाज सरकत सरकत पुढे आला. आणि तो नेमका पुढे आला तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, “अगो बाई, सुरुवातीला जोर लावायचाच नाही की काय?”

हेच ते. लांब फेकीचं मर्म यात आहे आणि ते मला कळायला वर्ष लागलं. हात सुरुवातीला सैल आणि संथ असतो, डिस्क छातीला जवळजवळ घासून सरळ रेषेत पुढे येते, कोपर आधी जातं, आणि अगदी शेवटच्या वीतभर अंतरात सगळं एकदम उलगडतं. आपण पहिल्या क्षणापासून ओढायला लागलो की शेवटी द्यायला काही उरत नाही. शिवाय हात शरीराभोवती गोल फिरतो, आणि मग डिस्क कधी रस्त्यावर तर कधी विहिरीकडे. वहिनींचीही जायची. त्यासाठी मी मेरेवर काथ्याची दोरी ताणून ठेवली आणि डिस्क त्या दोरीवरूनच मागे न्यायची, त्यावरूनच पुढे आणायची असं ठरवलं. मागे नेताना नुसता हात जात नाही, पाठ लक्ष्याकडे वळेपर्यंत खांदे फिरतात. त्या क्षणी लक्ष्य दिसेनासं होतं. नवशिक्याला याची भीती वाटते, म्हणून तो मान पुढेच ठेवतो आणि खांदे अडकतात. माड कुठे पळून जात नाही, बिनधास्त मागे बघा.

पायांचं मी मुद्दाम उशिरा काढलं. शिकवण्यांमध्ये धावत येऊन पाय आडवे टाकत फेकायला लगेच सांगतात. मला ते पटत नाही. उभ्या जागेवरून जमेपर्यंत धावण्याने फक्त चूक जोरात होते. आम्ही पूर्ण जानेवारी एका जागी उभं राहून फेकलं. उजवी बाजू लक्ष्याकडे, वजन मागच्या पायावर, मग पुढचा पाय आधी टेकवायचा, त्यावर शरीर अडवायचं आणि त्यानंतर हात सोडायचा. चालत्या बसला ब्रेक लागला की उभे असलेले पुढे फेकले जातात ना, तसं. पाय थांबतो, कंबर फिरते, खांदा येतो, कोपर येतं, शेवटी मनगट. फेकून झाल्यावर हात अर्धवट थांबवायचा नाही, अंगाला फिरू द्यायचं. नाहीतर खांद्याला सगळा हिसका बसतो. एका दिवसात जोराच्या फेकी तीसच्या वर नाहीत हा नियम मी केला आणि पाळायलाही लावला. वहिनींचा खांदा या तीन महिन्यांत एकदाही दुखला नाही, याचं मला सातव्या माडाहून जास्त समाधान आहे.

वाऱ्याचं थोडं. आमची माडांची रांग पूर्व-पश्चिम आहे. सकाळी सातच्या सुमाराला वारा जवळजवळ नसतो, असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे हलकासा. दुपारनंतर समुद्रावरून येतो. समोरून वारा आला की डिस्क अधिक उजवीकडे वळते आणि नाक थोडंही वर असलं तर पतंगासारखी चढते. पाठीमागून आला की लवकर खाली आणि डावीकडे येते. म्हणून संध्याकाळी आम्ही समुद्राकडे पाठ करून फेकतो, आणि ज्या लेपर्डला उजवीकडे वळायची हौस आहे तीच पाठच्या वाऱ्यात सरळ चालते. २०१६ साली डेव्हिड विगिन्स याने नेवाडाच्या वाळवंटात, पाठीशी वारा घेऊन, ३३८ मीटर फेक केली. पुतणीने लगेच भागाकार करून सांगितलं, “काका, पंचेचाळीस माड!” आमच्या रांगेत अकराच आहेत. त्या दिवशी आम्ही तिघेही मेरेवर उभे राहून बाकीचे चौतीस माड कुठवर जातील ते बघत होतो. रस्ता ओलांडून, देवळाच्या मागच्या काजूंपर्यंत.

नुसत्या लांब फेकीने मात्र कोणी खेळात टिकत नाही. टोपली हवी. विकत मागवायची तर फार महाग पडते, म्हणून गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतली. दोन जुन्या सायकलच्या रिम, मधे पाइप, खाली सळ्यांची जाळी, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली गॅल्व्हनाइज्ड साखळी. टोपलीची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटर, नियमात सांगितली आहे तेवढीच ठेवली. खाऱ्या हवेत साधी साखळी एका पावसाळ्यात गंजून जाईल, तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी गॅल्व्हनाइज्डच घ्या. साखळीत डिस्क शिरली की जो खळ्ळकन आवाज येतो, त्याने माणूस या खेळाशी बांधला जातो. वहिनींना मी पहिल्या दिवशीच, लांब फेक यायच्या कितीतरी आधी, चार मीटरवरून टोपलीत टाकायला लावलं. नववी डिस्क शिरली. त्या आवाजाने आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मागाहून त्यांनीही दोन टाकल्या.

खेळताना आम्ही जोडीने खेळतो. दोघांनी फेकायचं आणि ज्याची डिस्क चांगल्या जागी पडली तिथून दोघांनी पुढची फेक करायची. यात नवशिक्याची वाईट फेक कोणाला नडत नाही आणि चांगली फेक सगळ्यांच्या उपयोगी पडते. मी लांब फेकतो, पण सहा-सात मीटरवरून वहिनींचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्यामुळे बहुतेक वेळा शेवटची डिस्क त्यांचीच असते. ‘पार’, म्हणजे किती फेकींत टोपली गाठायची तो आकडा, तोही आम्ही आमच्यापुरता ठरवलाय. विहिरीपासून फणसाखालच्या टोपलीपर्यंत माझा तीन, वहिनींचा पाच. जानेवारीत त्यांना सात लागायचे, आता चार लागतात. मोठ्यांचे आकडे नवशिक्याच्या गळ्यात घातले की तो दर वेळी हरूनच घरी जातो. मग तो पुढच्या रविवारी का येईल?

आमच्या हवेत हाताला घाम फार. ओल्या हातातून डिस्क आधीच निसटते आणि सगळी मेहनत फुकट जाते. सुताराकडचा भुसा चाळून जुन्या पायमोज्यात भरून गाठ मारली आहे, फेकायच्या आधी ती पोटली दोन्ही हातांत मळायची. सकाळी दव पडलेलं असेल तर डिस्क पुसायला पंचा वेगळा.

आणि हे कृपा करून हलकं घेऊ नका. डिस्कची कड कठीण असते, लागली तर हाड मोडू शकतं. समोर माणूस, सायकलवालं पोर किंवा गाय असेल तर थांबायचं. गायींमागून बगळे येतात, ते उडेपर्यंतही थांबायचं. डिस्क कुंपणाच्या झुडपात किंवा दगडांत गेली तर हात घालायचा नाही, काठीने ओढायची. आमच्या भागात फुरसं असतं, आणि ते दिसतच नाही. पुतणीला हे मी दर रविवारी सांगतो, तिला पाठ झालंय तरी सांगतो. शेजाऱ्यांच्या अळसांद्यांत डिस्क पडली तर वाफ्याच्या कडेने जायचं, वेल तुडवायचा नाही. काकांनी आता त्यांच्या बाजूला पडलेल्या दोन डिस्क स्वतः आणून दिल्या आणि तिसरी आणायच्या आधी एकदा फेकून पाहिली.

सातव्या माडाची ती फेक मला आठवते तशी सांगतो. सकाळचे साडेसात, वारा नाही, ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर. वहिनींच्या हातात निळी बझ. त्यांनी पोटली मळली, दोरीवरून डिस्क मागे नेली, मान वळली, आणि पुढचा पाय टेकला तेव्हा मला कळलं की ही वेगळी आहे, कारण काही आवाजच झाला नाही. धाप नाही, हुंकार नाही. डिस्क कमरेएवढ्या उंचीवरून निघाली, छातीएवढी झाली आणि तिथेच राहिली. चौथा माड गेला, पाचवा गेला. आडोशाला उभी असलेली पुतणी काहीच ओरडली नाही. सहाव्यानंतर डिस्क हळूच डावीकडे झुकली आणि सातव्याच्या बुंध्यावर टक्क करून आपटली. वहिनी तशाच उभ्या, उजवा हात अजून हवेत. मग म्हणाल्या, “भावजी, मी जोर लावलाच नव्हता.”

मिरगाच्या आधी नांगर धरायचा म्हणजे शेत आमच्या हातात अजून दोन महिने आहे. टोपली सध्या फणसाखालीच ठेवलीय. निळी बझ मात्र माझ्या पिशवीत नाही. वहिनींनी ती धुऊन, पुसून त्यांच्या फडताळात, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलीय आणि रविवारी निघताना स्वतः काढून आणतात. आठवा माड थोडा वाकडा आहे, आमच्या बाजूला कललेला. त्या म्हणतात, तेवढं अंतर कमी धरायचं नाही, बुंध्यापासूनच मोजायचं.